दोन कुळांचा भुंगा

भुंग्याला कोणीतरी हात लावला होता. बाईंना ते खण उघडताक्षणी कळलं. स्वयंपाकघर जिचं असतं तिला डब्यांच्या रांगेकडे नुसतं बघून समजतं, की आपल्या माघारी कोणीतरी साखर काढलीय. इथे तर रांगही नव्हती. खणात एकच भुंगा होता आणि तो कायम खिडकीकडे तोंड करून असायचा. आज त्याचं तोंड भिंतीकडे होतं. टाचणीवर चढवलेला मेलेला भुंगा आपणहून कूस बदलत नाही.

बाईंनी खण आत लोटला, कपाटाला कुलूप घातलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं. मग खोलीत चिटपाखरू नसतानाही त्यांनी मागे वळून पाहिलं.

आता एका मेलेल्या किड्याने तोंड फिरवलं तर एवढं काय आकाश कोसळलं, असं कोणी विचारेल. विचारणाऱ्याला हा धंदा माहीत नाही. जगातल्या जिवांची मांडणी करणारे लोक भारी चिकट असतात. आधी सृष्टी, सृष्टीत संघ, संघात वर्ग, वर्गात गण, गणात कूळ, कुळात प्रजाती आणि प्रजातीत जाती, अशी डब्यात डबी घालत ते खाली येतात. आणि अगदी शेवटच्या डबीत, प्रत्येक जातीच्या नावाखाली, एक खराखुरा देह जपून ठेवलेला असतो. त्याला मूळ नमुना म्हणतात. त्याला लाल चिठ्ठी लावतात, वेगळ्या कपाटात ठेवतात. वर्णन चुकलेलं चालतं, चित्र फसलेलं चालतं; पण वाद झाला की सगळे त्या देहाकडे धावतात आणि तो दाखवेल ते खरं मानतात.

बाईंचा भुंगा तर त्याहून वरचा. भुंग्याचं कूळ ओळखायला मुख्यतः दोन ठिकाणी बघतात: पावलांना सांधे किती आणि मिशांची ठेवण कशी. या भुंग्याची पावलं एका कुळातली होती आणि डोक्यावरच्या मिशा भलत्याच कुळातल्या. तरुणपणी बाईंनी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि त्या खुर्चीतून उठून ओरडल्याच होत्या. दोन कुळांमधला हरवलेला दुवा! त्याच्यासाठी त्यांनी एक नवंकोरं कूळ उभं केलं. त्याचं चित्र कॉलेजच्या पुस्तकात गेलं. "तुम्ही आपल्या चिठ्ठ्या लिहा, अक्षर बरं आहे," असं म्हणणाऱ्या वरिष्ठांना नाक मुठीत धरून बाईंना नेमावं लागलं. पुढची नोकरी, मान, सगळ्या संग्रहालयात रूढ झालेलं 'भुंगेबाई' हे नाव, सगळं त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जिवाच्या जिवावर. तो गेला असता तर बाईंच्या हाती धुपाटणंही राहिलं नसतं.

आणि त्याच्यासारखा दुसरा भुंगा पुन्हा कधी कोणाला सापडला नव्हता.

हात कोणी लावला याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. खोलीत नवा शास्त्रज्ञ आला होता. अंगाने इतका सडसडीत, की शिपायांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'टाचणी' ठेवलं. माणूस हुशार, पण पसारेबाज. त्याच्या टेबलावर भुंगे चारी दिशांना तोंडं करून असत आणि बाई त्यावरून त्याला रोज बोलत. तो "हो मॅडम" म्हणे आणि तसंच ठेवी. त्यातून तो पडला जोडणाऱ्यांपैकी. या धंद्यात दोन तऱ्हेची माणसं असतात: काही जण एका जातीच्या दोन करतात आणि काही जण दोनाची एक करून त्यातलं एक नाव पुसतात. टाचणीने आल्याआल्या दोन-चार जणांची नावं पुसलीही होती.

"मॅडम, तुमचा दुसरा नमुना कधीच नाही मिळाला?" त्याने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं होतं.

"नाही."

"कमाल आहे. तो सापडला त्याच टेकडीवर मी सापळे लावून बसलो होतो. बाकी सगळे आले."

"निम्मी टेकडी खणून नेलीय लोकांनी. त्याने राहायचं कुठे?"

"हं," टाचणी म्हणाला. तो 'हं' बाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला.

मग ते यंत्र आलं. दवाखान्यात माणसाची हाडं बघतात तसं किड्याचं अंतरंग न चिरता दाखवणारं. आणि टाचणीने पहिला अर्ज केला तो बाईंच्याच भुंग्यासाठी. शेकडो नमुने सोडून नेमका तोच का? बाईंना कळायचं ते कळलं. यंत्रात काहीतरी खुसपट काढायचं, बाईंचं कूळ बुडवायचं आणि त्या जागी आपलं नाव लावायचं.

संध्याकाळी घरी त्यांनी पर्स खुंटीला अडकवली, चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मास्तर भाजी चिरत होते. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. त्याच संग्रहालयात त्यांनी जन्मभर नमुने मांडले: जंगलातून आलेले वाळके किडे भिजवून मऊ करायचे, पाय सरळ करायचे, टाचणीवर चढवायचे, मोडलेलं जोडायचं. हाताला अशी सफाई, की डासाची तुटलेली तंगडी जोडून दाखवतील. आणि तोंड असं सैल, की ती कशी जोडली हे तासभर सांगतील. ऑफिसात बायकोला 'मॅडम' म्हणायचे आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'अगं'. आता निवृत्त झाले होते, तरी जुन्या दोस्तांबरोबर चहा प्यायला आठवड्यातून एकदा तरी तिकडे चक्कर असायचीच.

"अहो, माझ्या भुंग्याला कोणीतरी हात लावलाय."

मास्तरांची सुरी थांबली. "कोणी?"

"कोणी म्हणजे? त्या टाचणीने. दुसरं कोण मरतंय तिथे?"

"मोडला नाही ना?"

"नाही. पण आज हलवला, उद्या मोडेल. आणि वर त्याला तो यंत्रात घालायचाय."

"मुळीच देऊ नकोस," मास्तर म्हणाले. "जुना जीव आहे तो. जरा हादरा बसला की भुगा होईल."

"नाही म्हटलं तर म्हणेल, बाई काहीतरी लपवतायत."

"म्हणू दे की! ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात."

"आमचा धंदाच मुळी कूळ विचारायचा आहे."

एरवी यावर मास्तर खदखदून हसले असते आणि आणखी दोन विनोद केले असते. आज ते उठून उगाचच नळ घट्ट करायला लागले. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे टाचणी नाचत होती.

"एक सांगू?" नळाकडेच बघत मास्तर म्हणाले. "असली माणसं वस्तू आधी हलवतात, मग हरवतात. तू संचालकांच्या कानावर घालून ठेव. उद्या काही झालं तर तुझ्यावर नको यायला."

बाईंना भरून आलं. जग उलटलं तरी हा माणूस आपल्या बाजूला आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्या दिवशी मास्तरांची सुरी आपल्या हातात घेतली आणि उरलेली भाजी स्वतः चिरली.

संचालक म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवणारे गृहस्थ. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, त्याला नोकरीत कायम करायचा कागद माझ्यासमोर पडलाय. मूळ नमुन्याला त्याने परवानगीशिवाय हात लावला असेल, तर तो कागद मी फाडतो. पण पुरावा द्या. नुसतं तोंड फिरलं म्हणून मी कोणाची नोकरी कशी घेऊ?"

"देते पुरावा," बाई म्हणाल्या. बाहेर पडताना त्यांना अंगात कसलीशी तरतरी जाणवली आणि तिची थोडी लाजही वाटली. माणसाच्या पोटावर पाय आणायची तरतरी होती ती. पण त्यांनी मनाला समजावलं, आपण कुठे काय करतोय, केलं ते त्याने.

संचालकांनी टाचणीकडची कपाटाची किल्ली काढून घेतली आणि स्वतःच्या टेबलात टाकली. आता एकच किल्ली बाहेर होती, बाईंच्या पर्समध्ये. बाईंनी भुंगा खिडकीकडे फिरवला, आणि मुद्दाम किंचित तिरका ठेवला. इतका किंचित, की ज्याला ठाऊक त्यालाच दिसावा. मग त्या रोज येता-जाता कपाट उघडून बघू लागल्या. कामात लक्ष लागेना. टाचणी खोकला तरी त्यांचे कान टवकारत. तो हसला तर का हसला, गप्प बसला तर काय शिजवतोय. शिपायाने चहा आणला तरी त्या आधी त्याच्या हातांकडे बघत. संशय हा असा पाहुणा, की एकदा घरात घेतला की तो सगळ्या खोल्या बघून येतो.

आणि एका संध्याकाळी भुंगा सरळ झालेला दिसला. तोंड खिडकीकडेच, पण तिरकेपणा गेलेला. खणाच्या कडेशी अगदी समांतर.

बाईंना रात्रभर डोळा लागला नाही. किल्ली आपल्याकडे. म्हणजे टाचणीने आधीच दुसरी करून घेतली होती तर! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा खालच्या मजल्यावर विद्यार्थ्यांचा तास होता. वर न जाताच तो त्यांनी कसाबसा उरकला आणि जेवणाच्या सुट्टीत उपाहारगृहात टाचणीला गाठलं.

"किल्ली कुठून केलीत?"

टाचणीचा घास हातातच राहिला. "कसली किल्ली, मॅडम?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नका. मी भुंगा तिरका ठेवला होता. काल तो सरळ झाला."

 टाचणीने हात पुसले. "स्पष्ट बोलू? राग मानू नका. मला तर तुमचाच संशय होता."

"माझा?"

"त्या भुंग्याच्या मानेशी काहीतरी चमकतं. डिंकासारखं. तुम्ही एकदा मला भिंगातून दाखवलात तेव्हाच माझ्या मनात आलं. म्हणून यंत्र मागितलं. तर तुम्ही देईनात. वर माझी किल्ली गेली. मग माणसाने काय समजायचं?"

 बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. "माझा भुंगा खोटा म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. यंत्र म्हणेल." मग तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "आणि मॅडम, काल दिवसभर मी टेकडीवर होतो, संचालकांच्या गाडीतून गेलो होतो. बरं, असतो इथे तरी मी भुंगा सरळ कशाला केला असता? माझं टेबल तुम्ही रोज बघता. मला तिरकं दिसतच नाही."

हे मात्र खरं होतं. भुंगा कोणीतरी हातात घेतला होता, परत ठेवला होता आणि ठेवताना त्याचा तिरकेपणा त्या माणसाला सहन झाला नव्हता. चोराने चोरी केली आणि जाताना अंथरुणाची घडी घालून गेला, अशातला प्रकार. असा हात बाईंना जगात एकच माहीत होता. दुसऱ्याच्या घरी गेलं तरी भिंतीवरची तसबीर सरळ केल्याशिवाय तो हात स्वस्थ बसत नसे.

"छे," बाई मोठ्याने म्हणाल्या आणि पर्समध्ये हात घातला. रुमाल होता, कंगवा होता, डोकेदुखीच्या गोळ्या होत्या. किल्ली नव्हती.

जिन्याशी पहारेकरी उभा होता. "मास्तर वर गेलेत," तो हसून म्हणाला. "तुम्हीच बोलावलंय म्हणाले."

खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. मास्तर बाईंच्याच टेबलाशी बसले होते, दिवा ओढून घेतलेला, पाठ दाराकडे. समोर काचेची वाटी होती आणि तिच्यातल्या कोमट पाण्याची वाफ दिव्याच्या उजेडात दिसत होती. बाई आवाज न करता त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी बारीक चिमट्याने काहीतरी हलकेच ढकललं. पाण्यात भुंग्याचं डोकं एकीकडे गेलं आणि धड एकीकडे.

खरी मान अशी सुटत नाही. ती ओढावी लागते, तिला तंतू असतात, तुटलेली कडा असते. ही मान लिफाफ्यावरचं तिकीट भिजून निघावं तशी निघाली.

"अहो."

मास्तर दचकले नाहीत. त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले, एवढंच.

"हे कोणाचं डोकं आहे?" बाईंनी विचारलं. स्वतःचा आवाज त्यांना ओळखू येईना.

"त्याच डबीतल्या दुसऱ्याचं." मास्तर वळले नाहीत. "टेकडीवरून आलेली डबी बसमध्ये आदळली होती, आठवतं? दोन भुंगे मोडले होते. मी घाईत होतो. एक धड बरं होतं, एक डोकं बरं होतं. मला वाटलं, एकाचंच आहे. जोडलं. संध्याकाळी कापूस झटकला तर त्यातून या धडाचं खरं डोकं निघालं."

"मग?"

"मग सकाळी सांगायचं ठरवून आलो. तर तू सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. उठलीस, ओरडलीस आणि सगळ्यांसमोर माझा हात धरलास. त्या महिन्यात तुझी मुदत संपत होती. साहेब तुला घरी बसवायला निघाले होते. उद्या सांगू, परवा सांगू... मग छापून आलं. मग पुस्तकात आलं. मग कोणत्या तोंडाने सांगू?"

"ते खरं डोकं कुठंय?"

"कापसाबरोबर टाकलं."

बाईंना संताप आला, पण तो नुसता या जोडकामाचा नव्हता. घाईत हात चुकतो, आनंदात डोळा चुकतो. त्यांचाही चुकलाच होता. हवं ते दिसलं म्हणून त्यांनी मानेकडे पाहिलंच नव्हतं. पण आज चाललं होतं ते वेगळं होतं.

"आणि आता डोकं काढून काय करणार होतात?"

"घेऊन गेलो असतो. पहिल्या खेपेला पावलं वाजली म्हणून घाईत उलटाच ठेवला गेला, आणि काल तू खाली गेलीस तेवढ्यात पर्समधली किल्ली घेतली, पण मान सुटायला वेळ पुरला नाही. डोकंच नाही तर यंत्र काय बघणार? नमुना मोडला म्हणाले असते. मोडलेल्या नमुन्याची कोणाला लाज नसते गं. तुझं कूळ पुस्तकात राहिलं असतं."

"मोडला कोणी, असं विचारलं असतं ना कोणीतरी."

मास्तरांनी चिमटा टेबलाच्या कडेशी समांतर केला.

"म्हणून मला संचालकांकडे पाठवलंत. टाचणीवर ढकलायला."

"तरुण आहे तो," मास्तर पुटपुटले. "कुठेही चिकटेल."

हे वाक्य बाईंच्या काळजात घुसलं. भाजी चिरता चिरता या माणसाने एका मुलाची नोकरी घालवायचा बेत केला होता, आणि आपण त्याला भरल्या डोळ्यांनी साथ दिली होती. दोघांचा संसार इतका जुना, की कट करायला बोलावंही लागलं नव्हतं.

त्यांनी मास्तरांना खुर्चीवरून उठवलं. धड टिपून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, मग डोकं. आता ओरडायची, नाचायची वेळ नव्हती. धड दगडाखाली सापडणाऱ्या एका साध्या भुंग्याचं होतं. डोकं होतं दिव्यावर झडप घालून चहात पडणाऱ्याचं. दोन्ही इतके नेहमीचे, की पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ओळखता यावेत. मधलं कूळ कुठे नव्हतंच. बाईंनी शांतपणे दोन चिठ्ठ्या लिहिल्या, दोन नावं घातली आणि दोन तुकडे दोन टाचण्यांवर लावले. आयुष्यातलं सगळ्यात सोपं वर्गीकरण होतं ते.

मग त्यांनी दारात जाऊन पहारेकऱ्याला हाक मारली आणि टाचणीला वर बोलवायला सांगितलं.

"अगं, त्याला कशाला?" मास्तरांचा चेहरा उतरला. "आपल्या दोघांत राहू दे ना. एवढी वर्षं राहिलं."

"माझ्यात कुठे राहिलं? तुमच्यात राहिलं."

टाचणी आला. त्याने वाटी पाहिली, दोन टाचण्या पाहिल्या आणि कोणाकडे बघावं हे त्याला कळेना. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. संचालकांकडे आपण काय मागितलं होतं तेही. ते सांगताना त्यांची मान खाली गेली. "मी आता खाली जाऊन ते परत घेते," त्या म्हणाल्या. "आणि हे कूळ मी स्वतः बुडवते. लेख मीच लिहीन. तुम्हाला त्यात नाव हवं असेल तर लावा."

"नको, मॅडम," टाचणी म्हणाला. मग त्याने विचारलं, "यंत्राचा अर्ज मग रद्द करू?"

"नाही. वाढवा. ही सगळी कपाटं घाला त्यात."

टाचणीने खोलीभर नजर फिरवली. जमिनीपासून छतापर्यंत कपाटं होती. "सगळी? मॅडम, वर्षं जातील."

मास्तर पुढे आले.  "अगं, एवढा एकच होता. तुझी शपथ. बाकी एकालाही मी..." 

बाईंना त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता. मनापासून ठेवायचा होता. बहुधा ते खरंच बोलत होते. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, त्यांच्या त्या सफाईदार हातांकडे पाहिलं, आणि उठून पहिल्या कपाटाचा पहिला खण बाहेर ओढला. रांगेत भुंगे उभे होते, सगळे खिडकीकडे तोंड करून, सगळे सरळ, पाय जागच्या जागी. बाईंनी पहिला भुंगा उचलून भिंगाखाली धरला. त्याची पावलं त्यांनी पाहिली नाहीत, मिशाही पाहिल्या नाहीत. आधी मान पाहिली.